खुब्याचें हाड आणि एक सुई

आमच्या आत्याबाईंचें वय ८६. गेल्या श्रावणांत पहाटे न्हाणीघरांत त्यांचा पाय घसरला आणि डाव्या खुब्याचें हाड मोडलें. रुग्णालयांत क्ष-किरणांच्या फळीवर त्यांस ठेवतांना जी किंकाळी फुटली, ती ऐकून बाहेर उभीं असलेलीं आमचीं सारीं माणसें चरकलीं.

अशा वेदनेवर अफूच्या जातीचीं औषधें देतात. परंतु थकलेल्या देहांत त्यांनीं गुंगी व बुद्धिभ्रम होण्याचें भय असतें. सुश्रुतानें शस्त्रकर्मापूर्वीं मद्य पाजण्यास सांगितलें आहे. तें आत्याबाईंस सुचविण्याचें धैर्य आमच्या अंगीं नव्हतें! भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्तर, आपण पायाकडील मज्जातंतूच तेवढे बधिर करूं." पाय कायमचा लुळा पडेल, असें आमच्या पुतण्यानें घेतलें. वाद अर्धा तास चालला आणि तेवढा वेळ आत्याबाई कण्हत राहिल्या. त्या अर्ध्या तासाची आम्हांस अजून लाज वाटते.

वस्तुतः युक्ति सोपी आहे. खुब्याच्या पुढल्या अंगाची वेदना वाहणाऱ्या मुख्य मज्जातंतूंपैकीं एक जांघेंत एका चिवट पडद्याखालून जातो. सोनोग्राफीच्या यंत्रांत पाहत सुई त्या पडद्याखालीं नेऊन ३० ते ४० मिलिलिटर सौम्य औषध सोडतात. तें पसरून तंतूंस कांहीं तास निजवितें. दालेंस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८९ सालीं ही रीत प्रथम मुलांकरितां वर्णिली. २०१८ सालीं टोरांटो येथील वैद्यांनीं केवळ सांध्याच्या बारीक शाखा गांठणारी दुसरी रीत प्रसिद्ध केली. तींत मांडीचें बळ बहुधा टिकतें.

एवढ्यानें शस्त्रक्रिया मात्र होत नाहीं. तिला कण्यांतील अथवा संपूर्ण भूल लागतेच. त्या दोहोंत श्रेष्ठ कोणती? २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या १६०० रोग्यांवरील अमेरिका-कॅनडांतील प्रयोगांत ६० दिवसांनंतर मृत्यु वा चालण्याची अशक्तता यांत विशेष अंतर दिसलें नाहीं. या सुईचा लाभ मात्र निराळाच. कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या संकलनांत, ४९ प्रयोग ताडून पाहतां, हालचालीची वेदना अर्ध्या तासांत कमी होते आणि बुद्धिभ्रमही घटतो, असें आढळलें. औषध रक्तवाहिनींत गेल्यास झटके येण्याचा धोका असतो, म्हणून ती जाणत्या हातांनींच द्यावी. रक्त पातळ करणारीं औषधें चालूं असल्यास तेंही आधीं सांगावें.

वीस मिनिटांनीं आत्याबाईंचा चेहरा निवळला. दुसऱ्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशीं उशीला टेकून बसत त्यांनीं आम्हांस विचारलें, "बाळ, घरीं नैवेद्य कोणी दाखविला?"