प्रवाशाने पाहिलेले गाव

हिवाळा लागला की आपल्या हसनाबाद परिसरातील चुलीवर बाजरीची भाकरी भाजली जाते. ही बाजरी मूळची आपल्या मातीतली, असेच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिचे माहेर पश्चिम आफ्रिकेत आहे. आजच्या माली देशातील टिलेम्सी खोऱ्यात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी लोक बाजरीची शेती करीत होते, असे उत्खननातून सिद्ध झाले आहे. ज्वारी आणि चवळी ही पिकेही आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली. ज्या गावांनी आपल्याला भाकरी दिली, त्या गावांतील दैनंदिन जीवन कसे होते, हे जाणून घ्यावे असे आम्हांस वाटले. त्याची एक जुनी नोंद उपलब्ध आहे, आणि ती ठेवणारा प्रवासी आपल्या मराठवाड्यातूनही गेलेला आहे.

इब्न बतूता हा मोरोक्कोतील तांजियर शहरी १३०४ साली जन्मला. १३३३ साली तो भारतात आला आणि महंमद तुघलकाच्या दरबारी दिल्लीत काझी झाला. पुढे चीनला वकील म्हणून निघाला असता त्याने दौलताबाद पाहिले. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी लिहिताना त्यांचा आहार तांदूळ, भाजीपाला आणि तिळाचे तेल असा असल्याचे तो सांगतो. त्याच वाटेवरच्या शेतांत राबणाऱ्यांची भाकरी मात्र या नोंदीत आलेली नाही. हे ध्यानी ठेवून पुढे जाऊ.

१३५२ साली सहारा वाळवंट ओलांडून तो वलाता येथे पोहोचला आणि तेथून सुमारे चोवीस दिवसांच्या वाटेवरील मालीच्या राजधानीकडे निघाला. या वाटेचे त्याचे वर्णन मोठे जिवंत आहे. रस्त्याच्या कडेला प्रचंड घेराचे वृक्ष होते. हे वृक्ष म्हणजे आपण ज्याला गोरखचिंच म्हणतो तेच. एका वृक्षाच्या पोकळ खोडात एका विणकराने आपला माग मांडला होता आणि तो आत बसून कापड विणत होता. काही खोडांत पावसाचे पाणी साठे व वाटसरू ते पीत. काहींत मधमाश्यांची पोळी होती. प्रवाशाला शिदोरी बाळगावी लागत नसे. मिठाचे तुकडे, काचेचे मणी आणि थोडा सुगंधी माल जवळ असला की पुरे. गावाशी पोहोचताच स्त्रिया बाजरी, दूध, कोंबड्या, तांदूळ व चवळीचे पीठ घेऊन येत आणि देवाणघेवाण होई. भोपळा मधोमध कापून, वर नक्षी कोरून त्याची भांडी करीत. एका झाडाच्या फळातून निघणारे तेल स्वयंपाकाला, दिव्याला, अंगाला चोळायला आणि मातीत मिसळून भिंती लिंपायलाही वापरले जाई.

पाहुणचाराने मात्र हा प्रवासी प्रथम नाराज झाला. वलातामध्ये त्याच्यापुढे भोपळ्याच्या वाडग्यात मध व दूध घातलेली कुटलेली बाजरी आली, तेव्हा एवढ्यासाठीच का बोलावले, असे त्याला वाटले. राजधानीत राजाची भेट म्हणून तीन भाकऱ्या, थोडे मांस आणि विरजलेले दूध आले, तेव्हा तो हसला. दरबाराच्या मेजवान्यांना सरावलेल्या माणसाला गरिबाघरचे उत्तम अन्न ओळखता आले नाही. आपल्या शाळेत शिकून शहरात गेलेल्या अनेकांना डब्यातली भाकरी लपवण्याचा प्रसंग आलेला आहे. त्यांना हे हसू नवे वाटणार नाही.

तरीही त्याच्या प्रामाणिकपणाला दाद द्यावी लागते. या देशात अन्याय कमी आहे, रस्ते निर्धोक आहेत आणि परका येथे मरण पावला तर त्याची मालमत्ता कोणी लुबाडत नाही, हे त्याने आवर्जून लिहिले. मात्र त्याच प्रवासात तगाझा येथे मिठाच्या खाणी खोदणारे गुलाम त्याने पाहिले. परतताना तर त्याच्या तांड्यात सुमारे सहाशे गुलाम स्त्रिया होत्या. ही गोष्ट तो उंटांची संख्या सांगावी तशी सांगून पुढे जातो. त्या स्त्रियांचे गाव कोणते, त्यांच्या घरी चूल कोण पेटवत असेल, हा प्रश्न त्याच्या मनात आला नाही.

आपल्या देशातही असेच प्रवासी आले. इसवी सनाच्या पाचव्या शतकारंभी फा-हियान या चिनी भिक्खूने मध्यदेशात पाहिले की चांडाळ वस्तीबाहेर राहतात आणि नगरात शिरताना लाकूड वाजवून आपली चाहूल देतात, म्हणजे इतरांना बाजूला होता यावे. सातव्या शतकात ह्युएन-त्संगनेही नगराबाहेर राहावे लागणाऱ्यांची नोंद केली. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात या दोन्ही नोंदी तपासल्या आणि अस्पृश्यतेचा उगम इ.स. ४०० च्या सुमाराचा असावा, असे अनुमान मांडले. परक्याने लिहिलेल्या दोन ओळी दीड हजार वर्षांनी न्यायाच्या कामी आल्या. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवगाथेला विरोध केला. कारण त्यांना गाव हमरस्त्यावरून नव्हे, तर गावकुसाबाहेरून ठाऊक होते.

यातून आम्ही एवढेच घेतो की गाव कोण पाहतो, कोठे उभा राहून पाहतो, यावर गावाचे चित्र ठरते. तथागतांनी धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले, म्हणजे या आणि स्वतः पाहा. आपल्या शाळेतील मुले वेगवेगळ्या वस्त्यांतून, वाड्यांतून, ऊसतोडीच्या तांड्यांवरून येतात. त्यांनी आपले गाव स्वतः लिहावे. आई पहाटे किती वाजता उठते, पाणी किती लांबून येते, कोणत्या विहिरीवर आजीला थांबावे लागले होते, हे नोंदवावे. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही आपल्या आठवणी त्यांना सांगाव्यात. प्रवासी एका रात्रीत निघून जातो आणि त्याच्या नजरेतून सुटलेली माणसे मागेच राहतात. त्यांची नोंद ठेवणारे हात आता आपल्याच वर्गांत घडत आहेत.