बियाण्यातला ओलावा आणि भिंतीचा गिलावा



आडसाली उसात सोयाबीनचे आंतरपीक घेणारे आपले पुष्कळ सभासद घरचेच बी राखतात. २०१९ च्या परतीच्या पावसात काढणीचे सोयाबीन भिजले आणि २०२० च्या खरिपात बी न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. दुबार पेरणी कुणाला परवडते?

बी एकदा वाळवले की काम झाले, असे आपण धरून चालतो. पण बी हवेशी देवघेव करीत असते. हवा दमट झाली की वाळलेले बी पुन्हा ओलावा धरते. ही देवघेव समजून घ्यायची तर जुन्या वाड्याची भिंत पाहावी. पुण्याला शनिवार पेठेत गेलात, तर माती-चुन्याच्या गिलाव्याच्या अशा भिंती अजून दिसतात. गिलावा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो खोलीतली दमट हवा पितो आणि उघडीप पडली की ओलावा सोडतो. त्यावर ऑइल पेंट मारला की छिद्रे बुजतात, मग भिंतीला घाम फुटतो. आपली शेणामातीने लिंपलेली कणगी याच जातीची. मात्र आठ-आठ दिवस झड लागली की लिंपणही भरते, आणि मग बी ओलावते.

सिलिका जेल याच तत्त्वावर चालते, पण त्याची ताकद मोठी. एका ग्रॅम जेलच्या पोटातल्या छिद्रांचा पृष्ठभाग पाच ते आठ गुंठे भरतो! त्या पृष्ठभागावर पाण्याची वाफ चिकटून बसते. याला अधिशोषण म्हणतात. औषधांच्या कारखान्यांत अशा शोषकाचा लेप दिलेले चक्र सावकाश फिरते. एका बाजूने ते हवा कोरडी करते, तर दुसऱ्या बाजूला गरम हवा त्याचा ओलावा काढून टाकते. म्हणजे शोषणाइतकेच तापवणेही महत्त्वाचे. भरलेले जेल म्हणजे नुसती वाळू.

आता हिशेब पाहा. प्रमाणित सोयाबीन बियाण्यात साध्या पोत्यात ओलावा जास्तीत जास्त १२ टक्के चालतो, हवाबंद डब्यात मात्र ७ टक्केच. दहा किलो बी १२ वरून ७ वर आणायचे तर सुमारे ५४० ग्रॅम पाणी काढावे लागते. इतक्या कोरडेपणात एक किलो जेल अंदाजे २०० ग्रॅम पाणी धरते. म्हणजे तेच जेल तीनदा तरी तापवून वापरावे लागेल.

म्हणून आमचे सांगणे असे:

१. नव्या वाणाचे थोडे बी किंवा भाजीपाल्याचे बी असेल, तरच जेल व हवाबंद डबा वापरावा. जेल कापडी पुरचुंडीत ठेवावे. ते सुमारे १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येते. रंगीत जेल स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये.

२. पेरणीचे सगळे बी सावलीत वाळवून गोणपाटाच्या पोत्यात भरावे. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. उंच थप्पी लावू नये, पोती आपटू नयेत.

३. ओले बी हवाबंद डब्यात कधीही कोंडू नये. ते आतल्या आत बुरसते.

४. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहावेत. सत्तर तरी उगवले पाहिजेत.

ही शंभर दाण्यांची परीक्षा फुकट आहे. ती केल्याशिवाय पाभर जुंपू नका.