‘मराठी नीट येत नाही’ एवढं लिहून सॉफ्टवेअर सुधारत नाही

मागच्या व्हिडिओत लग्नपत्रिकेची फाइल प्रेसला पाठवण्याआधी काय काय तपासायचं ते आपण बघितलं. एक विषय राहून गेला. ज्या डिझाइन सॉफ्टवेअरवर आपण पोट भरतो, त्यात काही अडलं तर ते बनवणाऱ्याला सांगायचं कसं? आपल्यातले बहुतेक जण सांगतच नाहीत. मीही सांगत नव्हतो, चारशे पत्रिका पुन्हा छापाव्या लागेपर्यंत.

लग्नसराईचे दिवस होते. पत्रिका तयार, मुलीच्या वडिलांनी स्क्रीनवर वाचून होकार दिला, मी सगळा मजकूर कर्व्ह केला. रात्री फोन आला, लग्नाचं ठिकाण बदललं. मी तेवढी एक ओळ नवीन टाइप केली, ‘सडक अर्जुनी, जि. गोंदिया’, आणि फाइल नागपूरला पाठवली. ती ओळ कर्व्ह करायची राहिली. तिकडे फाइल जुन्या आवृत्तीत उघडली. ‘जि’ची वेलांटी ज च्या मागे गेली, ‘अर्जुनी’चा रफार खाली उतरून पाय मोडका र झाला, ‘गोंदिया’चंही तेच. छपाई झाली, गठ्ठे आले. वडील न्यायला आले, एक पत्रिका उघडली आणि म्हणाले, “भाऊ, आमचं गाव असं लिहितात का जी?”

चूक माझी होती. पुन्हा छपाई माझ्या खिशातून झाली. पण त्या रात्री रागाच्या भरात मी सॉफ्टवेअर कंपनीला एक मेल लिहिला. त्याचा अर्थ एवढाच होता: तुमच्यात मराठी नीट येत नाही, दुरुस्त करा. ‘आपला अभिप्राय मिळाला, धन्यवाद’ असं यंत्राचं उत्तर आलं. विषय संपला.

आता तो मेल वाचला तर मलाच हसू येतं. समजा, तुमच्या दुकानात कोणी आला आणि ‘तुमचं काम बरोबर नाही’ एवढं बोलून निघून गेला, तर तुम्ही काय दुरुस्त करणार? शिवाय आपण एक गोष्ट विसरतो. तिकडे बसलेल्या प्रोग्रामरला देवनागरी वाचता येत असेलच असं नाही. पाय मोडका र आणि डोक्यावरचा रफार, त्याला दोन्ही सारखेच. काय चुकलं हे त्याला दिसतच नाही. म्हणून एक चित्र चुकीचं आणि शेजारी एक बरोबर, हे सगळ्यात आधी. बरोबर चित्र कुठून आणायचं? तोच शब्द ब्राउझरमध्ये टाइप करून स्क्रीनशॉट घ्या, नाहीतर कागदावर हाताने लिहून फोटो काढा. चालतं.

पण तक्रार लिहिण्याआधी दोष कोणाचा ते शोधा. संशयित तीन असतात: कीबोर्ड, फॉन्ट आणि सॉफ्टवेअर. आपल्या धंद्यातलाच शब्द घ्या, ‘वऱ्हाडी’. यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे, मग डी, मग यू दाबलं की ‘ऱ्ह’ येतो. दुसऱ्या पद्धतीत साध्या र ला हलंत देऊन मध्ये एक न दिसणारा जोडणारा कोड घालावा लागतो. तो गळाला की रफार तयार होतो आणि ‘वर्हाडी’ छापून येतं. हा टाइप करण्यातला दोष, सॉफ्टवेअरला शिव्या देऊन उपयोग नाही. टाइप बरोबर असेल तर तोच शब्द दोन-तीन वेगळ्या फॉन्टमध्ये बघा. एकाच फॉन्टमध्ये बिघडतो? मग फॉन्ट बनवणाऱ्याला कळवा. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट फुकट आहेत आणि युनिकोड आहेत, तुलनेला ते ठेवा. सगळ्या फॉन्टमध्ये बिघडतो, पण ब्राउझरमध्ये बरोबर दिसतो? आता सॉफ्टवेअरला पकडा.

आणि हो, कधी कधी सोय आधीच असते, फक्त दडवलेली असते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात टेक्स्ट इंजिन निवडायची जागा आहे. आवृत्तीप्रमाणे तिथे ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ किंवा ‘वर्ल्ड-रेडी’ असं नाव दिसेल. ते निवडा, जुन्या फाइलमध्ये फरक दिसला नाही तर नवीन फाइल उघडा. इनडिझाइनमध्ये हाच प्रकार पॅराग्राफच्या मेनूत कंपोझर म्हणून आहे. ही सेटिंग माहीत नसल्यामुळे कितीतरी ऑपरेटर अजून कृती देवमध्ये टाइप करतात. स्क्रीनवर अक्षर सुंदर दिसतं, पण तोच मजकूर व्हॉट्सअॅपवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा काला होतो, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी आकार इंग्रजी कोडवर बसवलेले असतात.

मग सूचना हीच करायला हवी: देवनागरीचं पहिलं अक्षर टाइप झालं की योग्य इंजिन आपोआप चालू व्हावं. मी सेटिंग शोधत का फिरू?

माझी सगळ्यात आवडती मागणी मात्र रेडियम कटिंगमधून आली आहे. हे काम ज्यांनी केलं त्यांना लगेच कळेल. गाडीच्या काचेवर ‘श्री गणेश कृपा’ लावायचं आहे. मराठी शब्दात प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते, म्हणून तर रेघ सलग दिसते. कर्व्ह केलं की प्रत्येक अक्षराची वेगळी बाह्यरेषा तयार होते. प्लॉटरला शिरोरेघ वगैरे कळत नाही, तो प्रत्येक रेषेवर पातं फिरवतो. शिरोरेघेचे तुकडे होतात आणि सोलताना अर्धा काना हातात येतो. फ्लेक्सवर अक्षरांना जाड आउटलाइन दिली तरी हेच, मध्ये मध्ये जोड दिसतात. उपाय आहे, कोरलड्रॉमध्ये कर्व्ह केल्यावर वेल्ड करायचं. पण नवीन पोरगा वेल्ड विसरतो आणि रेडियम वाया जातं. इंग्रजीत साधी छापील अक्षरं एकमेकांना चिकटत नाहीत, त्यामुळे ही अडचण तिकडच्यांच्या डोक्यात येणं अवघड. ती आपणच सांगायची: देवनागरी मजकूर कर्व्ह करताना ‘जोडून कर्व्ह करा’ असा एक पर्याय द्या.

अशाच लहान लहान गोष्टी अजून आहेत. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते, तिथे निदान इशारा यावा. ओळींमधलं आपोआपचं अंतर इंग्रजीच्या मापाने धरलेलं असतं, म्हणून वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर आदळतो. फॉन्टच्या यादीत ‘ए-बी-सी’ऐवजी ‘अ आ क’ नमुना दिसावा. आणि आपल्या गोंदियातली खास भानगड: एकाच टेबलावर सकाळी हिंदी पत्रिका, दुपारी मराठी. राज्य शासनाच्या 2009 च्या वर्णमालेच्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितला आहे, हिंदीत त्यांचे आकार वेगळे. गूगल फॉन्ट्सवर टिरो देवनागरीचे मराठी आणि हिंदी असे वेगळे फॉन्टच मिळतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की आकार आपोआप बदलावेत, ही मागणी रास्त आहे.

आता अवघड बोलतो. चोरीचं सॉफ्टवेअर वापरणारा तक्रार करू शकत नाही. कोणत्या तोंडाने करणार? आपल्या भागात जुनी क्रॅक आवृत्ती दहा-दहा वर्षं चालते, आणि मग आपली अडचण कोणाच्याच हिशोबात येत नाही. परवडत नसेल तर इंकस्केप आणि स्क्रायबस फुकट आहेत, कायदेशीर आहेत, आणि दोन्हींकडे दोष नोंदवायची उघडी जागा आहे. स्क्रायबसमध्ये आपल्यासारख्या लिप्या बरीच वर्षं नीट बसत नव्हत्या. ओमानमधल्या ओपन सोर्सवाल्या मंडळींनी अरबीसाठी ते काम मनावर घेतलं, आणि जानेवारी 2024 मध्ये आलेल्या 1.6 या स्थिर आवृत्तीत देवनागरीलाही त्याचा फायदा मिळाला. त्यांची गरज अरबीची होती, सोय आपलीही झाली.

लिहायचं साध्या इंग्रजीत, मोडकं असलं तरी हरकत नाही. सॉफ्टवेअरची आवृत्ती, विंडोज कोणती, फॉन्टचं नाव. मी काय केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं. दोन चित्रं आणि तो एकच शब्द असलेली छोटी फाइल. ग्राहकाची अख्खी पत्रिका पाठवू नका, त्यात लोकांचे फोन नंबर असतात. एका नोंदीत एकच दोष. आधी यादीत शोधा, तोच दोष कोणी लिहिलेला असेल तर नवीन नोंद न करता त्याच्याखाली आपलं उदाहरण जोडा. आणि शेवटी एक ओळ धंद्याची: या दोषामुळे दिवसाला किती वेळ जातो, किती माल वाया जातो. पुढे मी एका ठिकाणी असं लिहिलं तेव्हा चौथ्या दिवशी माणसाचं उत्तर आलं. त्याने विचारलं, हा र शब्दाच्या सुरुवातीलाही असाच येतो का? दोष अजून दुरुस्त झालेला नाही, पण प्रश्न बरोबर होता.

सध्या दुकानात कॉम्प्युटरशेजारी एक वही टांगलेली आहे. कोणाचंही काम अडलं की तारीख, शब्द, फॉन्ट लिहायचं. पहिल्या पानावर तपासणीची ओळ आहे: ‘चि. सौ. कां., वऱ्हाडी, अर्जुनी, शुभविवाह, द्वितीय, लग्न’. नवीन फॉन्ट आला किंवा आवृत्ती बदलली की आधी ही ओळ टाइप होते, मगच ग्राहकाचं काम. दिवाळीनंतर मंडईचे दिवस येतात, झाडीपट्टीच्या नाटकांचे फ्लेक्स सुरू होतात, तेव्हा दोन दिवसांत वहीचं पान भरतं. त्यातल्या रेडियमच्या नोंदीवरून तक्रार कशी लिहायची, ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवतो. तुमच्याकडे अडलेला शब्द असेल तर फॉन्टच्या नावासह पाठवा, तोच घेऊ.