पाळक पाहिजेत! पण निवडणार कोण?

समजा, तुमच्या कॉलेजला नवे प्राचार्य आणायचे आहेत आणि संस्थाचालक तुम्हालाच म्हणाले, ''आधी आपलं कॉलेज कसं आहे ते खरंखरं लिहून द्या. वर्गात किती पोरं बसतात, छत कुठं गळतं, बँकेत पैसे किती, आपसात भांडणं कोणती. आणि कसा माणूस हवा तेही लिहा. ते वाचून ज्याला यावंसं वाटेल तो अर्ज करेल.'' हसू आलं ना? आपल्याकडं प्राचार्यांची खुर्ची रिकामी झाली की 'प्रभारी' अशी पाटी लागते आणि तिचा रंग उडेपर्यंत ती तिथंच असते.

इंग्लंडमधल्या अँग्लिकन चर्चमध्ये मात्र नवा धर्मगुरू हवा असला की हे खरोखर करतात. त्या कागदाला 'पॅरिश प्रोफाइल' म्हणतात. पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द. तलाठ्याचा जसा साझा असतो ना, तसंच. इंग्लंडची सगळी जमीन अशा पॅरिशमध्ये वाटलेली आहे आणि हद्दीत राहणारा प्रत्येक माणूस, मग तो चर्चला येवो न येवो, त्या धर्मगुरूची जबाबदारी मानला जातो.

प्रोफाइलमध्ये काय काय असतं? रविवारी उपासनेला किती जण येतात आणि त्यात तरुण किती. जमाखर्च. धर्मगुरूला राहायला मिळणारं घर कसं आहे. आजूबाजूला शाळा, दवाखाने कोणते. आणि मग 'आम्हाला कसा माणूस हवा' हा भाग. जाहिरात 'चर्च टाइम्स' या १८६३पासून निघणाऱ्या साप्ताहिकात येते, मुलाखती होतात. १९८६च्या एका कायद्यानं पॅरिशला आपले दोन प्रतिनिधी नेमता येतात, आणि ते दोघं नाही म्हणाले तर नेमणूक सहजासहजी पुढं सरकत नाही. दोन साधी माणसं, कदाचित एखादी निवृत्त शिक्षिका आणि एखादा दुकानदार, पण त्यांच्या होकाराला कायद्यात जागा आहे.

मास कॉमला जाहिरात शिकताना आम्हाला पहिल्यांदा काय सांगतात? वस्तूची चांगली बाजू पुढं करा. इथं मात्र गळकं छत लपवून भागत नाही, कारण येणारा माणूस त्याच छताखाली वर्षानुवर्षं काढणार असतो. छत लपवलं तर पहिल्याच पावसात तुमचं पितळ उघडं पडणार.

कॉलेजच्या हातात धर्मगुरू

पूर्वी हे इतकं सरळ नव्हतं. चर्चवर कोण बसणार हे ठरवण्याचा हक्क 'पेट्रन'कडे असायचा, म्हणजे बहुतेक वेळा गावच्या जमीनदाराकडे. हा हक्क वारशानं मिळायचा आणि शेतासारखा विकलाही जायचा. बीएला इंग्रजी साहित्य घेतलेल्यांनो, जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधले मिस्टर कॉलिन्स आठवा. लेडी कॅथरीनचं नाव काढल्याशिवाय त्या माणसाचं वाक्य का पूर्ण होत नाही? कारण चर्चची जागा तिनं दिलेली आहे. १८१३मध्ये ती कादंबरी आली तेव्हा वाचकांना हे समजावून सांगावं लागत नव्हतं. ऑक्सफर्ड-केंब्रिजची काही कॉलेजं आजही कितीतरी पॅरिशची पेट्रन आहेत. कॉलेजनं लांबच्या खेड्यातला धर्मगुरू सुचवायचा! आपल्या कॉलेजनं घाटंजी तालुक्यातल्या एखाद्या देवळाचा पुजारी सुचवला तर काय होईल, याची कल्पना तुमची तुम्हीच करा.

मोठ्या शहराच्या जुन्या, दाट, गरीब वस्तीतल्या पॅरिशसाठी माणूस शोधणं तर आणखी अवघड. अशा वस्त्यांकडे चर्चचं आणि सरकारचं दुर्लक्ष झालंय, असं सांगणारा 'फेथ इन द सिटी' हा अहवाल १९८५मध्ये चर्चनंच काढला होता. लेस्टरसारख्या शहरात एकीकडे दगडी चर्च आणि दुसरीकडे बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळीची रोषणाई. अशा ठिकाणी येणाऱ्या धर्मगुरूला प्रवचन येऊन भागत नाही. शेजाऱ्याच्या सणाला त्याच्या दारात जाऊन उभं राहता यायला हवं.

आणि ही शोधाशोध फक्त लहान चर्चचीच असते असं नाही. अत्याचाराच्या एका जुन्या प्रकरणात चर्चनं केलेल्या हलगर्जीचा अहवाल बाहेर आल्यावर नोव्हेंबर २०२४मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. जगभरातल्या अँग्लिकनांमधलं हे सर्वांत मानाचं पद. नवं नाव यायला ३ ऑक्टोबर २०२५ उजाडला. नाव होतं सारा मुलाली. या पदावर निवडलेल्या पहिल्या महिला, आणि धर्मगुरू होण्याआधीच्या व्यवसायानं नर्स! इंग्लंडच्या मुख्य नर्सिंग अधिकारी होत्या त्या. चर्च ऑफ इंग्लंडनं महिलांना धर्मगुरूची दीक्षा द्यायला सुरुवात केली १९९४मध्ये, म्हणजे ३१ वर्षांत गोष्ट इथवर आली. आपल्या देशात चर्च ऑफ साउथ इंडियानं पुष्पा ललिता यांना २०१३मध्येच नंद्यालच्या बिशप केलं होतं, हे जाता जाता.

आपला काय संबंध?

घाटंजीत बसून हे वाचताना हा प्रश्न पडणारच. तर संबंध आहे, आणि फार लांबचाही नाही. आपल्याकडून पूर्वेला पांढरकवडा, वणी ओलांडून गेलं की चंद्रपूर. तेव्हाचा चांदा. तिथं स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं, म्हणजे अँग्लिकन कुटुंबातल्याच चर्चचं, मिशन होतं. चांद्यात काम केलेले अलेक्झांडर वुड पुढे १९२६मध्ये नागपूरचे बिशप झाले. नागपूरचे पहिले बिशप एअर चॅटर्टन, १९०३पासूनचे. त्यांनी आपल्या भागावर 'द स्टोरी ऑफ गोंडवाना' नावाचं पुस्तकही लिहिलं. इतिहासवाल्यांनी जरूर चाळावं. लिहिणारा कोण, कुठून बघतोय, हे लक्षात ठेवून.

मग २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपुरात अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन अशा सहा वेगवेगळ्या परंपरांनी आपापल्या पाट्या उतरवून एकच पाटी लावली : चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. म्हणून आज आपल्याकडं 'अँग्लिकन' शब्द फारसा ऐकू येत नाही. सीएनआय ऐकू येतं. पण जगभरच्या अँग्लिकन कुटुंबात सीएनआयची गणना होते.

यवतमाळची गोष्ट तर अजून जवळची. पाळक तयार करणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३पासून यवतमाळमध्ये होती. ती अँग्लिकनांची नव्हे, निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी मिळून चालवलेली. ज्या जिल्ह्याचं नाव बाहेर कापसासाठी आणि नंतर शेतकरी आत्महत्यांसाठी घेतलं गेलं, त्या जिल्ह्यात देशाच्या कानाकोपऱ्यातली पोरं पाळक व्हायला येत होती. १९८३मध्ये सेमिनरी पुण्याला गेली. आपल्याकडची हुशार पोरं स्पर्धा परीक्षेला पुण्याला जातात, तिथं जिल्ह्यातून आख्खी शिक्षणसंस्थाच गेली म्हणायची!

बरं, सीएनआयमध्ये पाळक येतो कसा? पदवी, मग धर्मशास्त्राचं शिक्षण, आधी डीकन म्हणून दीक्षा, मग प्रेसबिटर, म्हणजेच पाळक. कुठल्या मंडळीत जायचं ते बिशप ठरवतात. काही वर्षं झाली की बदली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींसारखंच. मंडळीची कमिटी असते, हिशेब ती बघते, पण 'आम्हाला असा माणूस हवा' असं लिहून जाहिरात द्यायची पद्धत नाही. एक सांगायला हवं, बदलीत चांगलंही आहे. लहान गावातल्या गरीब मंडळीनं जाहिरात दिली असती तर अर्ज किती आले असते? बिशपनं 'जा' म्हटलं म्हणून तर तिथं कुणीतरी जातं. शहरातल्या मोठ्या चर्चसाठी रांग लागली असती, तालुक्याच्या ठिकाणी शुकशुकाट. डॉक्टरांचं काय होतं ते आपण ग्रामीण रुग्णालयात बघतोच. तरीही येणाऱ्याला इथली माणसं कशी आहेत हे आल्यावरच कळावं, हे मला काही पटत नाही.

आणि येणारा यायचाच असेल तर? मधले महिने फार अवघड. या परंपरेत प्रार्थना कुणीही चालवू शकतं, बायबल कुणीही वाचू शकतं. पण भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, म्हणजे प्रभुभोजन, दीक्षित पाळकाशिवाय होत नाही. इथं 'तासिका तत्त्वावर' माणूस घेऊन काम भागत नाही. शेजारच्या मंडळीच्या पाळकाला विनंती करायची, त्याला जमेल त्या रविवारी विधी.

लग्नाचं तर विचारूच नका. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२चा. चर्चमधलं लग्न कोण लावू शकतो हे त्यात नेमकं दिलंय : बिशपच्या हातून दीक्षा घेतलेला धर्मगुरू किंवा त्यासाठी परवाना असलेला माणूस. तेही साधारणपणे सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच. नंतर नोंदवहीत सह्या. रजिस्ट्रारकडे जायचा रस्ता आहेच. पण ज्या चर्चमध्ये तुमच्या आजीचा बाप्तिस्मा झाला तिथंच लग्न करायचं असेल, हॉल ठरलाय, पाहुण्यांची रेल्वेची तिकिटं काढून झालीत आणि पाळकांची बदली झालीय, तर? अशा वेळी 'पद रिक्त' हे दोन शब्द आख्ख्या घराची झोप उडवतात.

पंचहौदचा चहा

मराठी मुलखात भर पेठेतलं अँग्लिकन चर्च बघायचं असेल तर पुण्याच्या गुरुवार पेठेत जा. पंचहौद मिशनचं 'चर्च ऑफ द होली नेम', १८८५चं. पाच हौदांवरून भागाला नाव पडलं. चर्चला उंच मनोरा आणि त्यात आठ घंटा. अभ्यासिकेतून चहाला बाहेर पडता तेव्हा एकदा तिकडं वळा. इथं काम करणारे पाद्री ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या संघाचे, तर सिस्टर वाँटेजच्या. पंडिता रमाबाईंची याच वाँटेजच्या सिस्टरांशी पुण्यात ओळख झाली आणि १८८३मध्ये इंग्लंडला त्यांच्याकडेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढं मात्र रमाबाईंचं या चर्चमधल्या अधिकाऱ्यांशी बिनसलं. मुद्दा आपल्या विषयाचाच होता : माझ्या श्रद्धेचा निर्णय कोण करणार? एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी आत्ता कुठं सुटलेय, लगेच दुसऱ्या पुरोहितवर्गाचं जोखड मानेवर घेणार नाही, असं त्यांनी आपल्या इंग्रज गुरुभगिनीला पत्रातून कळवलं. तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. समोर बिशप, विद्वान, उपकारकर्ते, आणि ही बाई म्हणतेय, माझं मी वाचेन आणि ठरवेन.

आणि १८९०चं चहा प्रकरण. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाचं निमित्त, पुण्यातली बडी मंडळी हजर. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. पाद्र्यांनी चहा-बिस्किटं पुढं केली. कुणी घेतली, कुणी नुसती समोर ठेवली. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी सगळ्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि गावात वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. १८९२मध्ये रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं, त्यावरून सुधारक त्यांच्यावर चिडले ते वेगळंच. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी यावर आख्खा तास घ्यावा : पाहुण्यांची नुसती यादी छापून काय होऊ शकतं!

पण त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं बघा. गोऱ्या पाद्र्यानं कप पुढं केला तेव्हा हा चहा या माणसांना केवढ्याला पडणार आहे, हे त्याला कळलं होतं का? आणि पेठेत जन्मलेला, मराठीतच भांडणारा पाळक त्या जागी असता, तर त्यानं कप पुढं केला असता? तो कप परका ठरला असता? १९१०मध्ये एडिनबरोच्या जागतिक मिशन परिषदेत व्ही. एस. अझरय्या या तमिळ पाळकानं गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं, तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ केलंत, आता मैत्री करा. दोनच वर्षांनी, १९१२मध्ये, ते भारतातले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले. त्यांचं ठिकाण दोर्नकल, आजच्या तेलंगणात.

आता गंमत म्हणून करून बघा. उद्या पंचहौदला इंग्लंडसारखं प्रोफाइल लिहावं लागलं तर? घंटा आठ, चालू-बंद तपासून लिहावं. भाषा मराठी, इंग्रजी. शेजार : देवळं, मशिदी, भांड्यांची दुकानं, गणपतीत ढोल. पार्किंग नाही. उमेदवाराला पेठेतलं बोलणं समजलं पाहिजे आणि लागलं नाही पाहिजे. चहा १८९०पासून चर्चेत आहे, तरी येणाऱ्याला विचारावा.