आधी छप्पर की आधी रोजगार?

सरकारने गरिबाच्या घरभाड्याचा वाटा उचलावा की नाही, यावर अमेरिकेत गेली अनेक दशके वाद चालू आहे. १९९६ साली त्या वादाने एक निराळे वळण घेतले. त्या वर्षीच्या २२ ऑगस्टला अध्यक्ष क्लिंटन यांनी ज्या कायद्यावर स्वाक्षरी केली, त्याने १९३५पासून चालत आलेली निराधार मातांच्या निर्वाह-साहाय्याची योजना मोडीत काढली. तिच्या जागी जे ‘तात्पुरते’ साहाय्य आले, त्याला सर्वसाधारणपणे पाच वर्षांची मर्यादा होती आणि काम शोधण्याची अट होती. मदत घ्या, पण कामाला लागा, असे या धोरणाचे सूत्र होते.

सूत्र सोपे होते; अडचण पत्त्याची होती. मदतीवर जगणारी बाई बहुधा शहराच्या जुन्या, उतरत्या भागात राहणार, आणि कारखाने, गुदामे व मोठी दुकाने मात्र केव्हाच उपनगरांत गेलेली. जॉन केन या अर्थशास्त्रज्ञाने १९६८मध्येच दाखवून दिले होते की, कृष्णवर्णीयांची वस्ती एकीकडे आणि रोजगार दुसरीकडे, ही फारकत त्यांच्या बेकारीचे एक कारण आहे. आमच्या गिरणगावात चाळ ही गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात असे. म्हणून घर आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेथल्या कामगाराला फारसे जाणवले नसावे. मोटारीवाचून पान न हलणाऱ्या अमेरिकन शहरात ते रोज जाणवते.

या अडचणीवर उतारा म्हणून अमेरिकन काँग्रेसने १९९९ या आर्थिक वर्षासाठी २८ कोटी ३० लाख डॉलर मंजूर केले आणि ५० हजार खास व्हाउचरे निर्माण केली. निर्वाह-साहाय्य घेणाऱ्या, नुकतेच सोडलेल्या अथवा त्यास पात्र असलेल्या कुटुंबाला, आणि तेही घराची मदत काम मिळवण्यास वा टिकवण्यास आवश्यक असेल तरच, ती द्यावयाची होती. व्हाउचरची पद्धत १९७४च्या गृहनिर्माण कायद्यातून निघालेली. कुटुंबाने खासगी घर स्वतः शोधावयाचे, आपल्या उत्पन्नाच्या सुमारे ३० टक्के भाडे स्वतः भरावयाचे आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंतचे उरलेले भाडे स्थानिक गृहनिर्माण संस्थेने परस्पर घरमालकास द्यावयाचे.

वरवर पाहता यात कोणालाही आक्षेप घेण्याजोगे काही दिसत नाही. परंतु त्या ३० टक्क्यांचा हिशेब एकदा मांडून पाहावा. बाईने कष्ट करून महिना १०० डॉलर जास्त मिळवले, तर त्यांतले सुमारे ३० डॉलर वाढीव भाड्यात जातात. शिवाय अन्नासाठीची सरकारी मदत घटते, कर कापला जातो, आणि मूल कोठे ठेवावे हा खर्च निराळाच. म्हणजे ज्या हाताने सरकार तिला कामाकडे ढकलते, त्याच हाताने कामाच्या मोबदल्यावर बोळा फिरवते. १९९७मध्ये शिकागोत व्हाउचरांसाठी ८२ हजारांहून अधिक अर्ज आले आणि क्रम चिठ्ठ्या टाकून लावावा लागला. त्या सोडतीचा ब्रायन जेकब व जेन्स लुडविग यांनी केलेला अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना व्हाउचर मिळाले, त्यांच्यात काम करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे चार टक्क्यांच्या फरकाने कमी झाले आणि कमाई सुमारे दहा टक्क्यांनी उतरली. व्हाउचराच्या विरोधकांनी हे आकडे हाती घेऊन ‘पाहा, आम्ही म्हणतच होतो’ असा पुकारा करावा, हे स्वाभाविकच होते.

तथापि, कामाशी जोडलेल्या त्या खास व्हाउचरांचीही स्वतंत्र परीक्षा झाली. अटलांटा, ह्यूस्टन, फ्रेस्नो, लॉस एंजेलिस आदी सहा ठिकाणच्या आठ हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी करून तिचा अहवाल २००६मध्ये सादर करण्यात आला. आरंभी काम व कमाई किंचित घटली, पुढे तो परिणाम विरला, आणि साडेतीन वर्षांच्या हिशेबात फायदाही नाही, तोटाही नाही. केवळ रोजगाराच्या तराजूत तोलले, तर योजना फसली असेच म्हणावे लागेल. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. व्हाउचर न मिळालेल्या कुटुंबांपैकी सुमारे १३ टक्क्यांवर वर्षभरात केव्हा ना केव्हा रस्त्यावर किंवा निवाऱ्याच्या छावणीत राहण्याची पाळी आली. व्हाउचरवाल्यांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. दहा कुटुंबांतले एक बेघर होण्यापासून वाचले, ही गोष्ट ‘परिणाम शून्य’ या सदरात कशी बसते, हे प्रस्तुत लेखकाला उमगलेले नाही. छपराला पगारपत्रकावरून गुण देण्याचा हा प्रकार आहे.

मुलांचा प्रश्न तर त्याहून महत्त्वाचा. १९९४मध्ये बॉस्टन, बाल्टिमोर, शिकागो, लॉस एंजेलिस व न्यूयॉर्क येथे एक प्रयोग सुरू झाला. त्यात काही कुटुंबांना कमी दारिद्र्याच्या वस्तीत जाण्यासाठीच व्हाउचरे दिली होती. मोठ्यांच्या कमाईत फरक पडला नाही, म्हणून तोही बरीच वर्षे फसलेलाच समजला गेला. पुढे राज चेट्टी, नॅथॅनिएल हेंड्रन व लॉरेन्स कॅट्झ यांनी २०१५मध्ये दाखवले की, वयाच्या तेराव्या वर्षाआधी जी मुले अशा वस्तीत गेली, त्यांची विशीच्या मध्यावरची कमाई इतरांपेक्षा ३१ टक्क्यांनी अधिक होती. मोठी होऊन गेलेल्या मुलांना मात्र लाभ झाला नाही. उलट थोडे नुकसानच दिसले. पाच वर्षांच्या मुदतीने मोजणाऱ्याला हे फळ दिसणे शक्यच नव्हते.

अर्थात, घर दिले की सारे साधले, असा उलटा भाबडेपणाही नको. १९८७मध्ये अहमदाबादेत ‘सेवा’ या संघटनेच्या कष्टकरी महिलांसाठी सोडतीने घरे देण्यात आली. घरे चांगली होती. पण शहराच्या मध्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर. चौदा वर्षांनी पाहिले तेव्हा सोडत जिंकलेल्यांपैकी ३४ टक्के कुटुंबे तेथे राहावयास गेलीच नव्हती आणि ३२ टक्के जाऊन परतली होती. उत्पन्न वाढले नव्हते. अडीअडचणीला उसनवार देणारी शेजारीण, माल आणून देणारा ओळखीचा माणूस, हे सारे जुन्या गल्लीत राहिले. अमेरिकन व्हाउचर कुटुंबाला निदान वस्ती निवडू देते, हा त्याचा गुण येथे लक्षात येतो. मात्र घर शोधण्यास मुदत असते, ती संपेपर्यंत राजी होणारा घरमालक भेटला नाही तर कागद परत करावा लागतो, हेही खरे.

अमेरिकेत या मदतीस पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी जेमतेम एकालाच ती मिळते. मे २०२५मध्ये ट्रम्प सरकारने अर्थसंकल्पात असे सुचवले की, धडधाकट प्रौढांना भाड्याची मदत दोनच वर्षे द्यावी. व्हाउचरसाठी नाव नोंदवून रांगेत उभ्या राहिलेल्या कुटुंबाला ते हाती पडेपर्यंत सरासरी सुमारे अडीच वर्षे लागतात.