दात हलतो, तो हाडामुळे

बुऱ्हाणपूरला राजघाटावर तापीच्या पात्रात दगडी हत्ती आहे. पुराचं पाणी किती चढलं, हे लोक त्याच्याकडे बघून ओळखतात. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही आपली जुनी म्हण. माणसाची तशी सोय नाही. ज्या दातांनी फोटोत हसायचं, त्याच दातांनी फुटाणे फोडायचे आणि बुऱ्हाणपूरची मावा जलेबीही खायची. दात सरळ करायला निघालेले अनेकजण नेमकं हेच विसरतात. त्यात हल्ली पारदर्शक अलायनरच्या जाहिराती. ट्रे घातला, काही महिने गेले, दात ओळीत आले! मधल्या काळात काय घडलं, ते जाहिरातीत दिसत नाही. जे घडतं ते हाडात घडतं. प्लास्टिक फक्त ढकलतं, दाताला वाट करून देतं ते शरीर.

पाव मिलिमीटरचा हिशेब

अलायनर म्हणजे दातांच्या सगळ्या ओळीवर घट्ट बसणारा, काढता-घालता येणारा पातळ ट्रे. तो साधारण पाऊण मिलिमीटर जाडीच्या, पॉलियुरेथेन किंवा तत्सम प्लास्टिकच्या शीटपासून तयार होतो. आधी तोंडाचं स्कॅनिंग होतं. कुठला दात कुठे न्यायचा आणि किती टप्प्यांत, हे सॉफ्टवेअरवर ठरतं. मग प्रत्येक टप्प्याचा जबडा थ्रीडी प्रिंटरवर छापतात, तापवून मऊ केलेली शीट त्यावर दाबून बसवतात आणि कडा हिरडीलगत कापतात.

यातली युक्ती अशी की ट्रे दातांच्या आजच्या जागेचा नसतो, पुढच्या टप्प्याच्या जागेचा असतो. दोन्हींतला फरक दातामागे साधारण पाव मिलिमीटर, किंवा दात फिरवायचा असेल तर दोनेक अंश. ट्रे घातला की प्लास्टिक तेवढं ताणलं जातं, मूळ आकारात परतू बघतं आणि दातावर जोर देतं. नवा ट्रे पहिल्या दिवशी आवळतो तो यामुळेच. हा जोर लवकर उतरत जातो, म्हणून दर एक-दोन आठवड्यांनी पुढचा ट्रे. एखादा दात पाच मिलिमीटर सरकवायचा तर वीस ट्रे लागतील. प्रत्येकी दहा दिवस धरले तरी दोनशे दिवस झाले, आणि हे सगळं ठरल्याप्रमाणे घडलं तर.

गुळगुळीत दातावर प्लास्टिकची पकड बसत नाही. त्यासाठी काही दातांवर दाताच्याच रंगाच्या मसाल्याचे बारीक उंचवटे चिकटवतात. त्यांना अटॅचमेंट म्हणतात. दातांची गर्दी असेल तर शेजारच्या दोन दातांमधलं एनॅमल मिलिमीटरच्या काही दशांशांइतकं घासून जागा करावी लागते. ‘कुणाला कळणारही नाही’ या जाहिरातीतल्या वाक्यात हे दोन्ही बसत नाही, पण बऱ्याच रुग्णांना ते करावं लागतं.

नदी काठ बदलते तसं

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यात सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. दातावर सतत हलका जोर राहिला की एका बाजूला हा पडदा दबतो, दुसऱ्या बाजूला ताणला जातो. तापी वळणावर एका काठाची माती कापते आणि समोरच्या काठाला गाळ टाकते, तसंच इथे होतं. दबलेल्या बाजूला ऑस्टिओक्लास्ट या पेशी हाड विरघळवतात, ताणलेल्या बाजूला ऑस्टिओब्लास्ट नवं हाड रचतात. दात त्याच्या खोबणीसकट पुढे सरकतो. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून ही उलथापालथ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली.

मग जोर वाढवला तर दात लवकर हलेल का? उलटच होतं. जोर जास्त झाला की दबलेल्या पडद्यातल्या केशवाहिन्या बंद पडतात आणि तिथल्या पेशी मरतात. मेलेला भाग साफ होईपर्यंत दात जागचा हलत नाही. अति जोराने दाताचं मूळही झिजू शकतं. म्हणून लवकर संपवण्याच्या हौसेपायी मनानेच पुढचा ट्रे आधी घालणं म्हणजे काम लांबवणंच. आणि ज्याला हा पडदाच नसतो तो इम्प्लांटचा कृत्रिम दात कितीही ढकलला तरी हलत नाही. डॉक्टर त्याचा उपयोग उलट इतर दात ओढायला आधार म्हणून करतात.

हिरड्यांचा आजार असेल तर चित्र बदलतं. तंबाखू-गुटख्याने खिळखिळ्या झालेल्या हिरडीत, आधीच झिजलेल्या हाडात दात सरकवायला जावं तर आहे तो आधारही सुटू शकतो. आधी हिरड्यांवर उपचार, मग दातांची रांग.

मशीन नवं, कल्पना जुनी

अमेरिकेतल्या हॅरॉल्ड केसलिंग यांनी १९४५ मध्ये तारांचे उपचार संपल्यावर दातांची किरकोळ जुळवाजुळव करणारं रबराचं उपकरण मांडलं. अशी उपकरणं एकामागून एक वापरली तर दात मोठ्या अंतरानेही हलवता येतील, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. अडचण होती ती प्रत्येक टप्प्याचा साचा हाताने घडवण्याची. संगणक आणि थ्रीडी प्रिंटिंगने ती सोडवली. १९९७ मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली. चिश्तींच्या दातांना तारा लागून गेल्या होत्या. नंतर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर काही दिवस घातला नाही की दात हलतात आणि परत घातला की जागेवर येतात, हे त्यांनी स्वतःवर पाहिलं होतं. १९९८ मध्ये त्यांच्या ‘इनव्हिजलाइन’ या अलायनरला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली. पुढे मूळ पेटंटची मुदत संपत गेली तशा इतर कंपन्या उतरल्या. ‘इल्युजन अलायनर्स’ बनवणारी मुंबईची लक्ष्मी डेंटल ही कंपनी जानेवारी २०२५ मध्ये शेअर बाजारात आली.

पडद्यावरचा दात, तोंडातला दात

संगणकाच्या पडद्यावर दात आज्ञाधारक असतात, तोंडात नसतात. ठरवलेल्या हालचालीपैकी किती प्रत्यक्षात उतरली, याची मोजदाद झालेली आहे. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ते प्रमाण सरासरी ४१ टक्के निघालं, २०२० मधल्या अभ्यासात ५० टक्के. साहित्य सुधारलं आहे, तरी गोलसर सुळे फिरवणं आणि दात खाली ओढून आणणं प्लास्टिकला अजून जड जातं. दात कलवणं सोपं, मुळासकट सरळ सरकवणं कठीण. म्हणून अधेमधे नव्याने स्कॅन करून जादा ट्रे करावे लागतात. जबड्याचाच दोष असेल, किंवा दाढा काढून मोठी जागा भरायची असेल, तर अनेकदा धातूच्या तारा अधिक खात्रीच्या ठरतात.

याच ठिकाणी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारा तज्ज्ञ, लागतो. पाच वर्षांच्या बीडीएसनंतर आणखी तीन वर्षं तो हेच शिकलेला असतो. बुऱ्हाणपूरसारख्या ठिकाणच्या माणसाला खास उपचारासाठी जळगाव किंवा इंदूरची गाडी धरण्याची सवय आहे. त्यामुळे कमी फेऱ्यांचा मोह समजण्यासारखा आहे, आणि तारा-क्लिपांच्या मानाने अलायनरला फेऱ्या कमी लागतातही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. प्रत्यक्ष तपासणीशिवाय घरपोच अलायनर विकणारी ‘स्माइलडायरेक्टक्लब’ ही अमेरिकन कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये अचानक बंद पडली. कित्येक ग्राहकांचे उपचार अर्धवट राहिले.

बावीस तासांची शिस्त

तारा चिकटवलेल्या असतात, त्यामुळे रुग्णाने कंटाळा केला तरी त्यांचं काम चालू राहतं. ट्रे काढता येतो, हीच त्याची सोय आणि हीच खोट. दिवसाचे २० ते २२ तास तो तोंडात हवा. उरलेल्या दोन-चार तासांत जेवण, चहा आणि ब्रश उरकायचा. ट्रे घालून गरम चहा प्यायला तर प्लास्टिक वाकतं, आणि गोड चहा ट्रेच्या आत साचून दात किडायला वेळ लागत नाही. मावा जलेबी वर्ज्य नाही, पण ट्रे काढून खायची आणि ब्रश करून मगच परत घालायचा.

उपचार संपल्यावरही हाड पक्कं व्हायला काही महिने लागतात. हिरडीतले लवचिक तंतू वर्षभरसुद्धा दाताला जुन्या जागी खेचत राहतात. म्हणून रिटेनर लागतो. आधी डॉक्टर सांगतील तितके तास, पुढे बहुतेकांना रात्रीपुरता, पण कित्येक वर्षं.

पैसे भरण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. हाडाचा आणि मुळांचा एक्स-रे काढणार का? दर काही आठवड्यांनी तोंड कोण तपासणार? ठरल्याप्रमाणे दात हलले नाहीत तर जादा ट्रेचा खर्च कुणाचा? आणि रिटेनर या रकमेत धरला आहे का? ही उत्तरं पटली, तर तारा की ट्रे हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आणि बऱ्याचदा तोच सगळ्यात सोपा असतो.