मेंदूचा सर्जन कसा घडतो?

‘मेंदूचे ऑपरेशन’ हे शब्द ऐकले की घरच्यांच्या तोंडचे पाणी पळते. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात रुग्ण पाठवला की नातेवाईक मला हमखास विचारतात, “डॉक्टरसाहेब, तिथे एक तरुण डॉक्टर तपासून गेला. शिकाऊ आहे म्हणे. आमच्या माणसावर हात साफ करणार का?” शंका रास्त आहे. म्हणून हा ‘शिकाऊ’ कोण, ते आज पाहू.

इंटर्नशिप धरून एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, एम.एस.ची तीन आणि मग मेंदू व मणक्याच्या शस्त्रक्रियांसाठी एम.सीएच.ची आणखी तीन. (एम.बी.बी.एस.नंतर थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रमही आहे.) म्हणजे हा डॉक्टर बहुधा तिशीच्या आसपासचा आणि इतर शस्त्रक्रियांत तयार झालेला असतो. आपल्या देशात या शास्त्राचा पहिला विभाग डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सुरू केला.

पहिले कौशल्य सुरीचे नव्हे, तपासणीचे. रुग्ण डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्यावर हातपाय हलवतो का, यावर ३ ते १५ गुण देतात. ही ‘ग्लासगो’ पद्धत १९७४ पासून जगभर रूढ झाली. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे दुखापत गंभीर. डोळ्यावर बॅटरी मारून बाहुली आकसते का हेही पाहतात. बेशुद्ध रुग्णाची एक बाहुली मोठी होऊन स्थिर झाली, तर आत दाब वाढल्याची ती धोक्याची घंटा समजावी. मध्यरात्री हे ओळखणारा बहुधा हा शिकाऊच असतो. सी.टी. स्कॅन पाहून रक्ताची गाठ कुठे व केवढी, हेही त्याला झटपट सांगता यावे लागते.

मग हाताची तयारी. आधी पाहायचे, मग मदत करायची, मग वरिष्ठांच्या नजरेखाली स्वतः करायचे, अशी ही पायरीपायरीची चढण असते. कवटीला छिद्र पाडणे, साचलेले रक्त काढणे, मेंदूतले जादा पाणी नळीवाटे पोटात वळवणे, मणक्यातली दबलेली नस मोकळी करणे, ही त्यातली नेहमीची कामे. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने टाके घालण्याचा सराव कोंबडीच्या रक्तवाहिन्यांवरही करतात. शेवटी लेखी परीक्षा, आणि परीक्षकांसमोर प्रत्यक्ष रुग्ण तपासून निदान मांडणे.

माझ्या मते सर्वांत अवघड कौशल्य वेगळेच आहे. ऑपरेशन केव्हा करू नये हे कळणे, आणि ते नातेवाईकांना शांतपणे, खोटी आशा न दाखवता सांगणे. कंबरदुखीच्या बहुसंख्य रुग्णांना ऑपरेशन लागतच नाही, हे सांगणारा सर्जन खरा जाणकार.

तेव्हा तरुण डॉक्टर दिसला म्हणून घाबरू नका. “ऑपरेशन कोण करणार? वरिष्ठ हजर असतील का?” हे मात्र जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आपल्या हातीही काही गोष्टी आहेत. डोक्याला मार लागून माणूस शुद्धीवर आला, नीट बोलला, तरी पहिला दिवसभर त्याच्यावर लक्ष ठेवा. कवटीखाली रक्त साचत असले तर काही तासांनी तो पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, फिट, हातापायातली शक्ती जाणे, यांपैकी काहीही दिसले तर ‘झोपू द्या, सकाळी बघू’ म्हणू नका. लगेच रुग्णालय गाठा. अपघातग्रस्ताला उचलताना मान व पाठ सरळ रेषेत धरा, बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा पाय लुळे पडू लागले, तरी तीच घाई करा.

साडेअकरा वर्षे शिकलेला हातही रुग्ण वेळेत पोहोचला तरच उपयोगी पडतो. आणि हेल्मेट घातलेत, तर कदाचित त्या हाताची गरजच पडणार नाही.